बर्बरेतला राजमा-भात : कांदा आधी कोरडाच शिजवायचा

पाटावरवंटा (धागाकर्ता)

बर्बरे हा इथिओपियाचा मिरची-मेथीचा मसाला. तो घालून केलेल्या राजमा-भाताच्या बहुतेक पाककृतींमध्ये (पाकृंमध्ये) एकच चाल असते. तेल तापवा, कांदा परता, दोन चमचे मसाला टाका, तांदूळ घाला. तो भात वाईट होत नाही, पण होतो मेथीच्या वासाचा मसालेभात. इथिओपियन चव बर्बरेच्या डबीतून कमी आणि कुलेतमधून जास्त येते. कुलेत म्हणजे तिकडच्या रश्श्याचा, वॉटचा, पाया. बारीक चिरलेला भरपूर कांदा तेलाचा थेंबही न घालता कोरडाच मऊ शिजवायचा, तेल नंतर घालायचं आणि मसाला त्याच्याही नंतर.

आधीच सांगून टाकतो, हा पदार्थ या रूपात इथिओपियाच्या घराघरांत होत नाही. वॉट खायचं ते इंजेराबरोबर, म्हणजे टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या डोशासारख्या पोळीबरोबर. भात तिकडे तुलनेने नवा आहे. ताना सरोवराजवळच्या फोगेराच्या सपाट भागात तांदूळ पिकतो, पण त्याचंही पीठ बऱ्याचदा टेफमध्ये मिसळून इंजेराच करतात. राजमा मात्र तिकडे चांगला रुळलेला आहे, त्याला बोलोके म्हणतात. तेव्हा 'इथिओपियन पद्धतीच्या मसाल्याचा' म्हणा, 'अस्सल इथिओपियन' म्हणू नका.

हा भात दूध-तुपाविना करायचा आहे, पण त्यासाठी काही वेगळी खटपट नको. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास बुधवारी आणि शुक्रवारी असतात, शिवाय ईस्टरआधीचे सलग ५५ दिवस. त्या काळात मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. त्यामुळे तेलातल्या डाळी-कडधान्यांचा मोठा संसार तिकडे तयारच आहे. (आणि हो, त्यांच्या उपवासाला कांदा-लसूण चालतो. इथे तर त्यावाचून पानच हलत नाही.)

चार जणांसाठी

राजमा किंवा वाघ्या घेवडा १५० ग्रॅम
तांदूळ ३०० ग्रॅम
लाल कांदे ५०० ग्रॅम (मध्यम आकाराचे ५, ही छपाईची चूक नाही)
टोमॅटो २, साधारण १५० ग्रॅम
लसूण ८ पाकळ्या, आलं दीड इंच
तेल ५ मोठे चमचे
बर्बरे २ मोठे चमचे
मीठ २ छोटे चमचे
शेवटी घालायला मेकेलेशा अर्धा छोटा चमचा (खाली येईलच)

मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा.

राजमा १० तास भिजवून ते पाणी फेकून द्या. नवीन पाणी दोन बोटं वर येईल इतकं घालून कुकरला एक शिटी, मग आच बारीक करून १५ मिनिटं. दाणा अख्खा राहिला पाहिजे, पण जिभेने टाळूवर दाबला की पिठूळ फुटला पाहिजे. हे शिजवलेलं लालसर पाणी ओतून देऊ नका, भात त्यातच शिजवायचा आहे.

राजमा कुकरमध्ये असताना कांद्याला लागा. कांदा सुरीने बारीक चिरा, मिक्सरमधून काढू नका. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा आणि चिमूटभर मीठ, मध्यम आच, झाकण. पहिली ५-६ मिनिटं कांदा स्वतःच्याच पाण्यात शिजतो. मग झाकण काढून ढवळत राहा. खाली धरायला लागला की एक चमचा पाणी शिंपडा, खरवडा, पुन्हा ढवळा. एकूण २० ते २५ मिनिटं लागतात. ढीग एक तृतीयांशावर येतो, फोडींच्या कडा विरघळतात आणि रंग फिकट बदामी होतो. बिर्याणीच्या तळलेल्या कांद्यासारखा तपकिरी नको.

आता तेल. ५ मिनिटांनी ठेचलेलं आलं-लसूण, ते २ मिनिटं. मग आच अगदी मंद करून बर्बरे, आणि लगेच त्यावर ३ मोठे चमचे पाणी. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो म्हणून तेल हवं, आणि कोरडी मिरचीपूड तेलात क्षणात करपते म्हणून पाणी हवं. ८-१० मिनिटांत तेल कडेने लालभडक सुटेल. मग किसलेला टोमॅटो, आणखी ७ मिनिटं.

इथे थांबा आणि या कुलेतचा एक तृतीयांश भाग वाटीत काढून ठेवा. तो वरून वाढायचा आहे. सगळा भातात ढवळला तर भात एकसुरी होतो, आणि वॉटची जी दाट चव आहे ती पातळ होऊन हरवते.

उरलेल्यात राजमा आणि मीठ. राजम्याचं पाणी मोजा, कमी भरलं तर साधं गरम पाणी घालून ५०० मिली करा आणि ओता. उकळलं की चाखा, रस्सा जेवायला लागतो त्यापेक्षा जरा खारट हवा. २० मिनिटं भिजवून निथळलेला तांदूळ घाला, एकदाच हलवा, झाकण लावा. उकळी धरली की पातेल्याखाली तवा सरकवा, सगळ्यात बारीक आचेवर १४ मिनिटं. गॅस बंद करून १० मिनिटं झाकणाला हात लावू नका. मग मेकेलेशा भुरभुरवून काट्याने मोकळा करा.

---

लोखंडी_तवा

कांदा तेलाशिवाय पातेल्याला चिकटून बसतो त्याचं काय? आणि चमचाभर तेल आधीच घातलं तर काय बिघडतं?

---

पाटावरवंटा

चिकटतोच, तो चिकटलेला थर पाणी शिंपडून सोडवायचा आणि पुन्हा कांद्यात मिसळायचा. अर्धी चव तिथेच तयार होते. थर काळा झाला तर मात्र पातेलं बदला, खरवडू नका, कडू होईल. स्टीलचं पातळ पातेलं असेल तर हे जमणार नाही. जाड हिंडालियम किंवा तीन थरांच्या बुडाचं घ्या. आणि तुमच्या नावातल्या धातूची कढईही इथे नको, टोमॅटो पडला की लोखंडाची चव उतरते.

तेल आधी घातलं की कांदा शिजण्याऐवजी तळला जातो. कडा पटकन लाल होतात, आपल्याला वाटतं झाला, पण आत करकरीतच असतो. मग रश्श्यात तुकडे वेगळे तरंगतात. कोरडा शिजवलेला कांदा विरघळून रस्सा दाट करतो. वॉटला पीठ, दाण्याचं कूट किंवा खोबऱ्याचं वाटण लागत नाही ते यामुळेच.

टोमॅटो नंतर घालण्याचंही कारण हेच. आंबटामुळे कांद्याच्या फोडी लवकर विरघळत नाहीत.

---

खलबत्ता७

पाकृ उत्तम. बर्बरे विकत न मिळणाऱ्यांसाठी घरचं प्रमाण देते. साधारण ९० ग्रॅम होतो.

ब्याडगी मिरची ५० ग्रॅम (देठ आणि बऱ्याच बिया काढून), गुंटूर किंवा तशी तिखट मिरची १० ग्रॅम, धणे १ मोठा चमचा, मेथी दीड छोटा चमचा, काळी मिरी १ छोटा चमचा, ओवा अर्धा, कलौंजी अर्धा, हिरवी वेलची ८, लवंगा ६, दालचिनी १ इंच, सुंठ २ छोटे चमचे, लसणाची पूड १ छोटा चमचा, जायफळ पाव, मीठ २ छोटे चमचे, वाळलेली तुळशीची पानं १०-१२.

तुळस वाचून हसू नका. तिकडे घालतात ती बेसोबेला तुळशीच्याच कुळातली. ओवा म्हणजे त्यांचा नेच अझमुद, कलौंजी म्हणजे तिकुर अझमुद, मेथी म्हणजे अबिश. आपल्या मिसळणाच्या डब्याबाहेर फारसं जावं लागत नाही. फक्त जिऱ्याच्या जागी ओवा आहे हे ध्यानात ठेवा. बऱ्याच याद्यांमध्ये जिरं भरभरून घातलेलं असतं, त्याने सगळा मसाला आपल्या ओळखीचा वाटायला लागतो.

भाजणं प्रत्येक जिन्नसाचं वेगळं. मिरच्या फक्त कुरकुरीत होईस्तोवर मंद आचेवर, २-३ मिनिटं. मेथी एकच छटा गडद झाली की उतरवा, तपकिरी झाली की मसाला गेलाच, मग गूळ घालूनही तो कडवटपणा जात नाही. ओवा आणि कलौंजी अर्धा मिनिट. सुंठ, लसूणपूड, जायफळ, मीठ, तुळस भाजायची नाहीत. सगळं गार झाल्यावर मिक्सर थांबत थांबत चालवा, भांडं तापलं तर वास उडतो. चाळून घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा.

तिकडची जुनी पद्धत याहून लांबलचक आहे. मिरच्या ओल्या आलं-लसणाबरोबर आणि बेसोबेला वगैरे पाल्यांबरोबर कांडतात, ते उन्हात वाळवतात, मग बाकीचे मसाले घालून दळतात. आपल्याकडे उन्हाळ्यात मिरची कांडप चालतं तेव्हा हौस असेल त्याने करून पाहावं.

मेकेलेशा म्हणजे शेवटी घालायचा मसाला, म्हणजे कामाने आपला गरम मसालाच. मिरी १ छोटा चमचा, लेंडी पिंपळी ३, दालचिनी १ इंच, लवंगा ४, वेलची ६, जायफळ पाव. न भाजता दळायचा. यात मिरची नाही.

---

काळी_वेलची

हिरव्या वेलचीला विरोध नोंदवते. बर्बरेतली वेलची म्हणजे कोरारिमा, ती वेगळी वनस्पती. दाणे मोठे, वास कापरासारखा, गोडवा कमी. हिरवी वेलची ८ घातलीत तर मसाल्याला श्रीखंडाचा वास येईल. मसाला वेलची १ आणि हिरव्या ३ घ्या.

---

खलबत्ता७

मसाला वेलची धुरावर वाळवलेली असते, तो धुराचा वास सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहतो आणि मसाला पंजाबी छोल्यांकडे जातो. हिरवीच बरी, फार तर ६ घ्या. वर जायफळ चिमूटभर वाढवलं की गोडसरपणा झाकतो.

---

काळी_वेलची

मी धुरकट चालवून घेईन, गोड नाही. ज्याने त्याने अर्धा-अर्धा करून बघावा.

---

तिखटमीठ

प्रामाणिक प्रश्न. हा मसालेभातच नाही का, राजमा घातलेला?

---

पाटावरवंटा

नाही. मसालेभात तेलात मोहरी-हिंग तडतडवून सुरू होतो. इथे मोहरी नाही, हिंग नाही, कढीपत्ता नाही. गोड्या मसाल्यात तीळ, खोबरं, दगडफूल असतं, त्याची खमंग गोडसर चव तांदळाच्या दाण्यावर बसते. इथे मिरची, मेथी, ओवा आणि त्याखाली विरघळलेला कांदा. शिवाय मसालेभाताला वरून काही लागत नाही (तूप सोडून), हा मात्र वरच्या कुलेतशिवाय अपुरा.

मसालेभाताशी तुलना करण्यापेक्षा त्यांच्या शिरोची आपल्या पिठल्याशी करा, तिथे नातं जवळचं दिसेल. हरभऱ्याचं किंवा वाटाण्याचं मसाला मिसळलेलं पीठ, खाली हेच कुलेत, आणि गुठळ्या होऊ न देता हटवायचं.

---

थंड_प्रदेश

भारताबाहेरच्यांसाठी. ४०० ग्रॅमच्या डब्यातून निथळलेला राजमा साधारण २४० ग्रॅम मिळतो. १५० ग्रॅम कोरड्या राजम्याला दीड डबा पुरतो. डब्यातलं पाणी खारट आणि बुळबुळीत असतं, ते टाका, दाणे धुवा, ५०० मिली साधं गरम पाणी घ्या. मीठ दीड चमच्यावर आणा.

आणि एक महत्त्वाचं. कोरडा लाल राजमा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, ते दिवसभर लावून ठेवतात त्यात, कच्चा टाकू नका. लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळल्यावरच जातं. निदान १० मिनिटं पूर्ण उकळी हवी. तशा भांड्यात पाणी उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि दाणा मऊ झाला तरी त्रास होऊ शकतो, उलट्या आणि जुलाब. प्रेशर कुकरला ही भीती नाही.

---

उसळ_एके_उसळ

राजमा रात्रभर भिजवून, २५ मिनिटं शिजवूनही टचटचीत राहतो. नेहमीच. काय चुकतंय?

---

कोमट_पाणी

तीन शक्यता. राजमा जुना असेल. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडलेला दाणा कितीही शिजवला तरी पिठूळ होत नाही. सालीवर सुरकुत्या आणि रंग काळपट दिसला तर तोच. किंवा बोअरचं जड पाणी, त्यातला चुना साल कडक ठेवतो. किंवा राजमा शिजायच्या आधीच त्यात टोमॅटो, चिंच, कोकम असं काही पडतंय.

जुन्या दाण्याला आणि जड पाण्याला एकच उपाय, भिजवतानाच मीठ घाला. १ लिटर पाण्याला १ मोठा चमचा. मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज भिजवण्याला तरी लागू नाही, उलट साल मऊ होते आणि फुटतही नाही. हे पाणी टाकायचंच आहे. त्यानेही भागलं नाही तर शिजवताना खायचा सोडा पाव छोटा चमचा, त्याच्यावर नको. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि दाण्याचा लगदा होतो.

वाघ्या घेवडा मिळाला तर तोच घ्या. साताऱ्याकडचा, कोरेगावचा प्रसिद्ध. जात राजम्याचीच, पण दाणा लहान, साल पातळ. ८ तास भिजवून शिटीनंतर १० मिनिटं पुरतात.

---

तिखटमीठ

तांदूळ कोणता? घरी आंबेमोहोर आहे.

---

पाटावरवंटा

आंबेमोहोर नको. चिकट होतो आणि त्याचा स्वतःचा वास बर्बरेशी भांडतो. कोलम चांगला, जुना असेल तर पाणी ५५० मिली. बासमतीला ५०० पुरे. इंद्रायणी असेल तर भात साधा वेगळा करा आणि राजमा वॉट म्हणून वर वाढा. खरं तर तीच जास्त प्रामाणिक पद्धत, पण डब्याला न्यायला एकत्रच बरा.

---

लोखंडी_तवा

कांदा जमला, धन्यवाद. पण सगळं थेट कुकरमध्ये लावलं तर बुडाला करपलं आणि वरचा तांदूळ कच्चा.

---

पाटावरवंटा

दाट कुलेत जड असतं, खाली बसतं. वरच्या तांदळापर्यंत मोकळं पाणी पोचायच्या आतच तळ लागतो. कुकरच हवा असेल तर भांड्यात भांडं ठेवा. कुकरच्या तळाशी पाणी आणि जाळी, आतल्या डब्यात उकळता राजमा-रस्सा आणि तांदूळ. इथे पाणी उडून जात नाही, म्हणून ५०० ऐवजी ४३० मिली. ३ शिट्या, वाफ आपोआप जाऊ द्या. हा भात पातेल्यातल्याइतका मोकळा होत नाही, पण करपत नाही.

---

आषाढी

चातुर्मासात करायचा तर कांदा-लसणाऐवजी काय?

---

खलबत्ता७

काही नाही. कोबी, दुधी, भोपळा घालून 'बिनकांद्याचं कुलेत' म्हणून फिरणाऱ्या पाकृ आहेत, पण ५०० ग्रॅम कांदा काढला की इथे फक्त तिखट आणि मेथी उरते. कार्तिकी एकादशीपर्यंत थांबा.

---

थंड_प्रदेश

तेलाबद्दल एक भर. उपवास नसतो तेव्हा तिकडे मसाल्याचं तूप वापरतात, नितेर किब्बे. तो वास तेलात आणायचा तर १ वाटी शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलात अर्धा चिरलेला कांदा, ४ लसूण पाकळ्या, आल्याचे ४ काप, हळद पाव, मेथी पाव, ओवा पाव छोटा चमचा, ठेचलेल्या वेलच्या ४. सगळ्यात बारीक आचेवर २० मिनिटं, बुडबुडे जेमतेम यायला हवेत. कांदा लाल व्हायच्या आत गाळा. या पाकृला त्यातलंच तेल घ्या.

हे तेल ओट्यावर बाहेर ठेवू नका. लसूण तेलात बुडून हवेविना राहिला की बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून कळतही नाही. फ्रिजमध्ये, तेही आठवड्याच्या आत संपवा.

---

आषाढी

बरं, थांबते. बरोबर काय वाढायचं? दही तर चालणार नाही.

---

काळी_वेलची

तिमातिम. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची बारीक चिरून, वर लिंबू, मीठ, चमचाभर तेल. आयत्या वेळी करा, आधी केलं तर पाणी सुटतं. आणि गोमेन, म्हणजे त्यांची पालेभाजी. आपल्याकडे नवलकोलाचा किंवा मोहरीचा पाला त्याच्या सर्वात जवळ जातो. जाड देठ काढून पाला चिरा, ५ मिनिटं उकडून पिळा, मग कांदा, लसूण आणि हिरव्या मिरचीवर परता. बर्बरे यात घालू नका, ताटात एक तरी गोष्ट लाल नसावी.

---

मुदपाकखाना

वाचनखूण (वाखु) साठवली. २५ माणसांसाठी करायचा आहे, सगळं सहापट करू का?

---

पाटावरवंटा

राजमा, तांदूळ, कांदा सहापट. म्हणजे राजमा ९०० ग्रॅम, तांदूळ १ किलो ८०० ग्रॅम, कांदा ३ किलो. बर्बरे पाचपट घालून चाखा, मग ठरवा. तेल चारपटीच्या वर नको, नाहीतर वर तवंग येईल. पाणी सहापट अजिबात नको, मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी उडते. अडीच लिटरने सुरू करा, गरम पाणी हाताशी ठेवा.

खरी अडचण कांद्याची. ३ किलो कांदा एका खोल पातेल्यात घातला तर तो आपल्याच पाण्यात उकडत राहील, तासभर गेला तरी रंग धरणार नाही. पसरट पातेलं घ्या किंवा दोन भाग करा. कुलेत आदल्या दिवशी टोमॅटोपर्यंत करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, दुसऱ्या दिवशी चव बसलेली असते. भात मात्र त्याच दिवशी. उरला तर तासाभरात पसरट ताटात गार करून फ्रिजमध्ये, पातेल्यात रात्रभर ओट्यावर नको. गरम करताना वाटीभर भाताला २ चमचे पाणी शिंपडून झाकण.

---

लोखंडी_तवा

तळाची खरवड खायची की टाकायची?

---

पाटावरवंटा

लाल असेल तर खायची. सुरीने सोडवा, बाजूला काढलेल्या कुलेतमध्ये बुडवा आणि पंगतीला सांगू नका.